तिसरी हाक

पाकीट दादानेच फोडलं होतं. आतलं पत्र आता जेवणाच्या टेबलावर होतं आणि दादा त्याच्याकडे मेलेल्या पालीकडे बघावं तसं बघत होता.

“समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा लेखकांच्या पुस्तकांना पुरस्कार,” त्याने वाचलं. “पुस्तक, आतली कडी. लेखन, पारवा. पारवा म्हणे! आणि खाली पत्ता आपल्या घराचा, तुझ्या नावावर.”

टंक्या चहात बिस्कीट बुडवत राहिला. घरीदारी सगळे त्याला टंक्याच म्हणायचे. छापखान्यात लोकांची हस्तलिखितं टाईप करायची नोकरी, आणि घरी आला तरी कीबोर्ड बडवणं चालूच.

“हे तू केलंस?”

“टाईप मी केलंय. शब्दन् शब्द.”

“फाजीलपणा पुरे.”

“पुस्तक देऊ का वाचायला?”

“हात लावणार नाही मी असल्या पुस्तकाला!”

“मग बोलणंच खुंटलं.”

खिडकीपाशी वहिनी दादाच्या शर्टाला इस्त्री करत होती. इस्त्री कॉलरवरून दोनदा फिरली.

“तू त्या समारंभाला जाणार नाहीस,” दादा म्हणाला.

“जाणार.”

“सगळ्यांसमोर स्टेजवर चढलास, तर या घरात परत पाऊल टाकायचं नाही. सांगून ठेवतो.”

“बरं.”

“बरं काय?”

“बॅग भरतो म्हटलं.”

वहिनीने मान वर न करता सांगितलं, “मोठी बॅग माळ्यावर आहे.”

“बघ,” दादा म्हणाला, “तीसुद्धा कंटाळली तुला.” आणि टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला.

नळाचा आवाज सुरू झाल्यावर वहिनीने इस्त्रीचं बटण बंद केलं.

“भाऊजी, नका जाऊ. कशाला हे सगळं डोक्यावर घेता?”

“डोकं रिकामंच आहे वहिनी. काहीतरी राहू दे त्यावर.”

ती हसली नाही. “कसं असतं तिथे?”

“तिथल्या लोकांना कोणाचा चेहरा माहीत नसतो. निम्म्यांनी टोपणनावाने लिहिलेलं असतं. तीन हाका मारतात. जो उठेल तो लेखक. ओळखपत्र मागत नाहीत, दुसऱ्याच्या वतीने कोणी घेतलेलं चालत नाही.”

“आणि कोणी नाही उठलं तर?”

“तर पुरस्काराची ढाल टेबलावरच राहते. गेल्या वर्षी चार राहिल्या होत्या.”

“चार?” वहिनीने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “चार म्हणजे फार झाल्या हो.”

शनिवारी दुपारी टंक्या चप्पल घालतोय तोवर दादाही बूट घालून दारात हजर.

“मी येतोय. बघतोच कसा चढतोस ते. आणि तूही चल गं,” त्याने आत बघून हाक मारली. “तुझं ऐकतो हा.”

वहिनी पाच मिनिटांत तयार झाली. एरवी तिला अर्धा तास लागतो म्हणून दादा गल्लीभर ओरडायचा.

वाचनालयाचा हॉल खचाखच भरला होता. दारातल्या मुलीने दादाला विचारलं, “तुम्ही लेखक का?”

“छे छे! मी... भाऊ आहे.”

“अरे वा! भाऊ फार कमी येतात हो इथे,” ती म्हणाली आणि तिने तिघांना दुसऱ्याच रांगेत नेऊन बसवलं. दादाला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याने मुद्दाम कडेची खुर्ची धरली, म्हणजे टंक्याला बाहेर पडायला वाटच नको. टंक्या मधे, त्याच्या पलीकडे वहिनी.

पहिल्या पुस्तकासाठी दुसऱ्याच हाकेला पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उठले. त्यांच्याबरोबर आलेला तेवढाच म्हातारा मित्र खाली बसून रुमालात नाक शिंकरत राहिला. दुसऱ्या पुस्तकाला तीन हाका झाल्या. कोणी उठलं नाही. ढाल टेबलावर राहिली, आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

“आलाच नाही त्याला टाळ्या?” दादा कुजबुजला.

“आलाय. इथेच बसलाय कुठेतरी,” टंक्या म्हणाला. “उठवत नाहीये त्याला.”

वहिनी सगळ्यांबरोबर उभी राहिली होती, ती सगळ्यांच्या नंतर बसली.

मग माईकवरच्या बाई म्हणाल्या, “आतली कडी. यातलं एकच वाक्य वाचते. ‘या घरात माझा हात सगळे ओळखतात, चेहरा कोणी ओळखत नाही.’”

दादाने टंक्याचं मनगट पकडलं. “आम्ही ओळखत नाही तुला? लहानाचा मोठा केला, आणि जगाला हे सांगतोस?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“पारवा,” बाईंनी हाक मारली.

हॉल शांत. मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. दादाने दुसराही हात मनगटावर ठेवला.

“हलायचं नाही,” तो दातओठ खात म्हणाला. “एवढं ऐक. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.”

“नाही हलत,” टंक्या म्हणाला.

“पारवा.”

टंक्या समोर बघत होता. टेबलावर उरलेल्या दोन ढाली त्याने दोनदा मोजल्या. बाईंनी हातातल्या कागदावर बघितलं, मग हॉलभर नजर फिरवली. कोणाचीच घाई नव्हती तिथे, पण तिसरी हाक काही थांबणार नव्हती.

“पारवा.”

टंक्या जागचा हलला नाही, फक्त पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दादाने सुटकेचा श्वास सोडला, मनगट मात्र सोडलं नाही.

“अहो, जरा पाय आत घ्या,” वहिनी म्हणाली. “मला बोलवतायत.”