बिनलेबलाची बाटली

राजवीरने सुटकेसमधून स्वेटरात गुंडाळलेली बाटली काढली आणि जेवणाच्या टेबलावर, पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. त्याच्या वडिलांचा, विजयसिंहांचा, भाकरी मोडता मोडता हात थांबला.

"ही काय आणि?"

"वाईन आहे आबा. शार्डोने. पांढऱ्या द्राक्षांची."

"म्हंजे दारूच की."

"दारू येगळी, वाईन येगळी असतीया दाजी," कृष्णातमामा म्हणाले. भाचा टास्मानियाहून आला म्हणून ते सकाळीच कागलहून आले होते. उद्या त्याला कागललाच न्यायचे होते, मुलगी बघायला. स्थळ मामांनीच आणले होते. सध्या मात्र मुलीपेक्षा बाटलीत त्यांचा जीव गुंतला होता.

माईंनी भावाकडे नुसते बघितले. मामा कधी पिऊन आले तर माई त्यांचे ताट बाहेर व्हरांड्यात मांडायच्या. मामांनी मान खाली घालून रस्सा ओरपला.

विजयसिंहांची उभी नोकरी जकात नाक्यावर गेली होती. ट्रकवाला हसून बोलला की ते आधी ताडपत्री उचलायला लावत. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, गोल फिरवली.

"ह्याला लेबल कुठाय?"

"ह्यांना नाही लावत."

"न्हाय लावत? मग हातभट्टी आणि ह्यात फरक काय ऱ्हायला? कुणी दिली तुला? विमानतळावर धरलं असतं म्हंजे?"

राजवीरला हे लागले. आल्यापासून वडिलांचे सगळे टोमणे त्याने हसण्यावारी नेले होते, पण बाटलीला हातभट्टी म्हटलेले त्याला सोसवेना.

"हातभट्टी काय आबा! मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो ना, त्यांचा मळा आहे. लहानसाच. तिकडं थंडी, त्यामुळं द्राक्ष सावकाश पिकतं, चव चांगली धरतं. बाहेरचं एक माणूस लावत नाहीत. छाटणी, तोडणी, बाटल्या भरणं, सगळं घरचेच. विकायच्या बाटल्यांना लेबल असतं. पण पहिल्या पिंपातल्या विकतच नाहीत. त्या घरातल्यांच्या. म्हातारा स्वतः प्रत्येकाच्या हातात एकेक देतो. त्यांना लेबल कशाला?"

बोलताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की विजयसिंहांचा संशय पार फिटला. "मग ठीक हाय," म्हणत त्यांनी बाटली खाली ठेवली. मामांनी आपल्या पेल्यातले पाणी पिऊन टाकले आणि रिकामा पेला अलगद पुढे सरकवला.

माई पळी हातात घेऊन उभ्याच होत्या. हा पोरगा आल्यापासून त्यांच्या मनात काहीतरी सलत होते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो म्हणतो, आणि तळव्याला घट्टे. बोटांवर कात्रीचे वण. फोन आला की गच्चीवर. कागलच्या मुलीचे विचारले तर 'हो' नाही, 'नाही' नाही, नुसते 'बघू'.

"घरातल्यांना देतो म्हातारा," माई म्हणाल्या.

"हो."

"आणि भाडेकऱ्याला?"

राजवीर भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत राहिला. "मीपण जातो ना माई मदतीला. तोडणीला वगैरे."

"बाहेरचं माणूस लावत न्हाईत म्हणालास की आत्ता."

"अगं, दिली आसंल मायेनं," विजयसिंह मध्ये पडले. "पोरगं दारात ऱ्हातंय त्यांच्या."

"तुम्ही गप बसा. लेबल तपासलंसा न्हवं, तेवढं पुरे." माईंनी पळी पातेल्यात सोडली आणि मुलासमोर खुर्ची ओढून बसल्या. "घरात कोण कोण हाय रं त्यांच्या?"

"म्हातारा. त्याची बायको."

"आणि?"

"मुलगी आहे एक."

"आणि?"

राजवीरने वर बघितले.  बुडवलेला तुकडा रश्श्यात विरघळून गेला.

माईंना राग आला. पण रागापेक्षा जास्त लागले ते हे, की याच्या लग्नात आपण नव्हतो. कुणी परक्या बाईने याला ओवाळले असेल, नसेलही. तिकडे ओवाळतात का, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

"कृष्णात," त्या म्हणाल्या, "कागलला फोन लाव. उद्या येत न्हाय म्हणावं."

मामांना अजून काहीच उमगले नव्हते. "अगं आक्का, पर त्यास्नी सांगू काय?"

"पोरगं आधीच दिलंय म्हणून सांग."

विजयसिंहांनी बायकोकडे बघितले, मग मुलाकडे, मग बाटलीकडे. 

माईंनी बाटली ओढून घेतली, झाकण फिरवून काढले आणि मामांच्या पेल्यात घोटभर ओतले. मामांचा हात सवयीने पुढे आला. तो बाजूला सारून माईंनी पेला स्वतःच्या तोंडाला लावला. उभ्या आयुष्यात त्यांनी या वस्तूला बोट लावलेले कुणी पाहिले नव्हते. घोट त्यांनी तोंडात धरला, घोळवला, गिळला. मग पदराने ओठ पुसले.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या. "सांग तुझ्या सासऱ्याला."