जिताड्याचं आमिष

कुमुदने जिवंत कोळंबीच्या शेपटीत गळ अलगद ओवला. खाडीत सोडताच कोळंबी मोकळी असल्यासारखी पोहू लागली. बाबांचीच तऱ्हा! बांधावर बसलेली थोरली बहीण मथुरा तिचे ते हात बघत आतल्या आत जळत होती.

दोरी ताणली गेली. ‘सुटू दे मेला,’ मथुरेच्या मनात आलं. पण पुढच्याच क्षणी हातभर लांब जिताडा बांधावर तडफडू लागला.

“बाबा नेहमी तुलाच आणायचे इथं. मी मागे लागले, की म्हणायचे, तू घरात बस.” सत्तरी आली तरी मथुरेला ते विसरता आलं नव्हतं.

“तुझे हात चिखलात नको होते त्यांना. तुला शहरातलं स्थळ बघायचं होतं,” कुमुद गळ सोडवत म्हणाली. “मिळालंही. माझ्यासाठी बघायला ते राहिलेच नाहीत.”

मथुरा जवळ सरकली. “आता तरी शिकव की गं. जिवंत कशी राहते ती गळावर?”

कुमुदने कोळंब्यांची बादली स्वतःकडे ओढली.

“नाही ताई. नवरा, मुलं, घर, सगळं तुला मिळालं. एवढं माझ्याकडेच राहू दे.”