तिचं स्वयंपाकघर

पोर्तुगालमधल्या नव्या घराचं दार वाजलं. केतकीने उघडलं, तर समोर दुआर्ते आजोबा, घराचे जुने मालक. घर विकून ते वृद्धाश्रमात गेले होते. जाताना एकच म्हणाले होते, "बायको तर गेली. तिचं स्वयंपाकघर तेवढं मोडू नका." केतकीने शब्द दिला होता. महिन्याभरात निळ्या फरशा, चूल, मधली भिंत, सगळं काढून टाकलं.

आजोबा आत डोकावले आणि पांढराशुभ्र ओटा पाहून गोंधळले. "माफ करा, चुकीच्या घरी आलो."

हल्ली त्यांना विसरायला होतं, हे तिला ठाऊक होतं. "हो, चुकलात," म्हणून तिने दार लावून घेतलं.

खिडकीतून पाहिलं, तर ते शेजारच्या दाराला स्वतःची किल्ली लावून बघत होते. मग त्याच्या पुढच्या दाराला.

केतकी अनवाणीच धावली. हात धरून त्यांना घरी आणलं, चहा दिला. "आजोबा, हे घर..."

त्यांनी कौतुकाने सगळीकडे पाहिलं. "छान आहे हो तुमचं घर! माझं सापडलं, की हिलाही घेऊन येतो दाखवायला."