नाव नसलेली नळी

"सोमवारपर्यंत सांगा," लॅबचे मालक म्हणाले. "काउंटरवर बसायचं असेल तर जागा आहे. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

काउंटरवर बसायचं म्हणजे आलेल्या माणसाला नंबर द्यायचा आणि खुर्ची दाखवायची. एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्त तपासलेल्या बाईंना हे ऐकून घ्यावं लागलं, कारण कोपऱ्यात नवं यंत्र आलं होतं. ते त्यांचं दिवसभराचं काम तासाभरात उरकायचं, आणि वर कंबर धरली म्हणून कुरकुरायचंही नाही.

हे होणार, हे बाईंनी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. तेव्हापासून त्या जेवणाच्या टेबलावर प्रोग्रामिंग शिकत होत्या. शिकल्याही, अगदी चिकाटीने. पण नोकरी कुठली मिळायला? त्रेसष्ट अर्ज गेले. उत्तरं आली अकरा, अकराही नकार. घरी आता कुणी विचारायचंसुद्धा नाही.

"एवढा एक पाठवते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मग बास. गपगुमान काउंटरवर बसेन."

नवरा शेजारी भाजी निवडत होता. त्याने अर्जात डोकावून पाहिलं. "सॉफ्टवेअरमधल्या अनुभवाचं काय लिहिलंस?"

"काय लिहू?"

"दोन वर्षं लिही. कोण बघायला येतंय?"

थाप मारणं त्यांना जमणारं नव्हतं. आणि शून्य लिहायला हात धजेना. उभा जन्म राबल्यावर शून्य कसलं? तो रकाना सोडून त्या पुढे गेल्या.

आणि काय सांगावं, तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. बोलणारी तरुणी होती, आवाजाने गोड. अर्ज केलेल्या सगळ्यांनाच आधी एक काम देतो, म्हणाली. पाच हजार ओळींची यादी पाठवते, वरची शीर्षकं काढून टाकलेली. त्यातल्या नको त्या ओळी बाजूला काढणारा प्रोग्राम लिहायचा. नियम सोबत दिलेत.

बाईंनी यादी उघडली. मधेमधे रकाने रिकामे होते, आणि नियमांत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यांनी उलट फोन केला.

"ते तुम्हीच ठरवा," तरुणी म्हणाली. "तुम्ही कसा विचार करता, तेच तर आम्हाला बघायचंय."

यात ठरवायचं ते काय? लॅबमध्ये नळीवर नाव नसेल, तर ती रक्तासकट बाद. अमक्याचं असेल, तमक्याचं असेल, असा अंदाज बांधायचा नाही. चुकलात तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीकडून त्यांनी हे घोकून घेतलं होतं. आता प्रोग्रामलाही तेच शिकवलं. एक जरी रकाना रिकामा दिसला, तरी अख्खी ओळ बाद. बाद ओळीपुढे छापायला एक वाक्यही घातलं: 'माहिती अपूर्ण. अंदाज बांधू नये. बाद.' स्वतःच्या कामावर त्या बऱ्याच दिवसांनी खूश झाल्या.

शुक्रवारी पुन्हा फोन आला.

"बाकीच्यांनी रिकाम्या जागी काहीबाही भरलं हो," तरुणी म्हणाली. "तुमचा प्रोग्राम साहेबांना फार आवडला. आजच कामाला लावलाय. मुलाखत वगैरे आता नाहीच. कंपनीचा निर्णय सोमवारी ईमेलने येईल."

बाई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. नवऱ्याला सांगताना त्यांना रडू आवरेना. दोन वर्षांचं साचलेलं होतं ते.

"मी म्हणतच होतो," नवरा म्हणाला. तो असलं काहीच म्हणालेला नव्हता, पण त्या दिवशी बाईंनी सोडून दिलं.

सोमवारी नऊच्या ठोक्याला त्यांनी मालकांना फोन लावला. "मला काउंटर नको. तुम्ही दुसरं कुणी बघा."

"बरं झालं सांगितलंत," मालक म्हणाले. "एक बाई बाहेर थांबल्याच आहेत. त्यांना आत घेतो."

दहा वाजता ईमेल आला. नवरा ओले हात पुसत मागे येऊन उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. "या भरतीसाठी आलेले सगळे अर्ज आम्ही नव्या प्रोग्रामने चाळले. आपल्या अर्जाचा निकाल असा. अनुभवाचा रकाना, रिकामा."

खालची अक्षरं बारीक होती, म्हणून तो चष्मा शोधायला थांबला. पुढची ओळ बाईंनी डोळे मिटूनच म्हटली, "माहिती अपूर्ण. अंदाज बांधू नये. बाद."