पुसण्याचा अधिकार

शर्वाणीचा भाऊ हृषीकेश अपघातात गेला होता. त्या अपघाताची आठवण आली की आई रोज नव्याने रडायची. तिची समजूत घालून घालून शर्वाणी पार थकून गेली होती. आईच्या मेंदूतल्या, आठवणी साठवणाऱ्या चिपचे ॲडमिन अधिकार तिच्याकडेच होते. शेवटी आज तिने पासवर्ड टाकला, अपघात पुसायची कमांड लिहिली आणि एंटर दाबण्याआधी काय काय जाईल ते तपासलं. अपघातासोबत अख्खा हृषीकेशच जाणार होता, कायमचा.

“आई, हृषीला विसरलीस तर बरं वाटेल तुला?”

“मी विसरले तर त्याच्यासाठी रडायला कोण राहील गं? तू तर रडतच नाहीस.”

शर्वाणीने कमांड खोडली. ॲडमिनमधून ती बाहेर पडली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकवून पहिल्यांदाच रडली.