शिंगाड्याचा केक

पिंपरी, १९५७. एकादशीच्या संध्याकाळी सहा वाजता इंद्रायणीने शेगडीवरच्या वाळूतून केक काढला. डॉक्टरांनी लेकीचा गहू बंद केला होता, म्हणून पीठ शिंगाड्याचं. कारखान्यातून दमून आल्यावर तिला एवढंच जमलं.

सकाळपासून उपाशी असलेल्या सासूबाई वासाने आत आल्या.

“कशाचं गं ह्ये?”

“शिंगाड्याचं, आत्याबाई. पोरीसाठी...”

“मंग उपासाला चालतंय की!” इंद्रायणी काही बोलायच्या आत त्यांनी तुकडा तोंडात टाकला. “लई मऊ झालंय. काय घातलंस?”

“साखर... अन् तूप.” इंद्रायणीने अंड्याची टरफलं पायाने शेगडीमागे सरकवली.

साडेसहापर्यंत अर्धा केक संपला होता. पुढच्या एकादशीला सासूबाईंनी भजनातल्या सगळ्या बायकांना फराळाला बोलावलं आहे.