केशरी रताळं

महाशिवरात्रीच्या सांजेला वैजंतानं नैवेद्याचं उकडलेलं रताळं मोडलं आणि आतला केशरी गर बघून सासू कडाडली, "अगं, ह्याच्या पोटात गाजर शिरलंय! गाजर कधी उपासाला चाललंय? घरचं पांढरं बेणं मोडून हे का लावलंस?"

"रताळंच आहे, आत्याबाई. डोळ्यांना लागतं ते जीवनसत्त्व ह्या रंगात असतं, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, म्हणून लावलं."

नात समोरचंच ताट हातानं चाचपडत होती. दिवस मावळला की पोरीला दिसेनासं व्हायचं.

सासूचा आवाज खाली आला, पण हेका सुटला नाही. "उद्या खाऊ दे. आज देवाला हे चालायचं नाही."

वैजंतानं देवापुढची वाटी उचलून लेकीच्या हातात दिली.

"मग घडू दे त्याला कडकडीत उपास. माझी लेक खाणार."